लिनक्सवर पुन्हा पुन्हा येणारे एक्सरन: कर्नलला हात लावण्यापूर्वी आणि लावताना

ऑडिओ इंटरफेस जोडावा, बफर (एका खेपेत हाताळायच्या ध्वनिनमुन्यांचा साठा) १२८ फ्रेमवर आणावा, रेकॉर्डिंग सुरू करावे, पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळे सुरळीत जावे आणि नेमका चांगला टेक चालू असताना ‘चट्’ असा आवाज येऊन एक्सरनचा, म्हणजे नमुने वेळेत न पोचल्याने आवाज तुटण्याचा, आकडा एकाने वाढावा, हा अनुभव लिनक्सवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी आलेला असतो. बफर १०२४ केला की आवाज तुटायचा थांबतो, पण मग वाजवलेला स्वर कानावर उशिरा पडतो आणि लयीत वाजवणे अवघड होते. त्यावर बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: रिअल-टाइम कर्नल टाका, म्हणजे लिनक्सचा गाभाच अशा प्रकारचा घ्या, जो निकडीच्या कामाला वेळेवर प्रोसेसर देतो. तो टाकला की काही दिवस बरे जातात, पुढे कर्नलचे एखादे अपडेट येते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या फेऱ्यातून मी स्वतः तीनदा गेलो आहे. तिसऱ्या वेळी कर्नलला हात लावण्याआधी प्रत्येक टप्प्यावर किती वेळ जातो ते तपासायचे ठरवले, तेव्हा लक्षात आले की माझ्या यंत्रावरच्या तीन कारणांपैकी दोन कारणांचा कर्नलच्या प्रकाराशी काहीही संबंध नव्हता आणि तिसरे कारण कर्नल न बदलता, बूट होताना दोन शब्द जोडून आणि थ्रेडांचे अग्रक्रम नीट लावून सुटण्यासारखे होते. म्हणून हे लेखन ज्या क्रमाने तपास करावा त्याच क्रमाने केले आहे. कर्नलची बांधणी त्यात मुद्दाम शेवटाकडे येते. आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन स्पेलिंगनेच करावी लागतात.

आधी हिशेब

४८,००० हर्ट्झ या नमुनादराला १२८ फ्रेमचा एक पिरिअड (एक खेप) म्हणजे २.६७ मिलिसेकंद. ६४ फ्रेमला १.३३, २५६ फ्रेमला ५.३३ आणि १०२४ फ्रेमला २१.३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात साउंड कार्डाचा इंटरप्ट (‘माझ्याकडे लक्ष द्या’ असा प्रोसेसरला दिलेला इशारा) यावा लागतो, प्रोग्राम आणि कार्ड यांच्यात आवाजाची ने-आण करणाऱ्या जॅक किंवा पाइपवायरचा थ्रेड (प्रोग्रामातला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) जागा व्हावा लागतो, साखळीतल्या प्रत्येक प्रोग्रामने आणि प्लगइनने आपले गणित पूर्ण करावे लागते आणि तयार झालेले नमुने कार्डाकडे परत पोचावे लागतात. १२८ फ्रेमवर अशा मुदती सेकंदाला ३७५ येतात, म्हणजे तासाभरात साडेतेरा लाख. त्यांपैकी एक चुकली तरी ती कानाला कळते.

इथे सरासरीला काहीच किंमत नाही, हे एकदा पक्के समजून घेतले पाहिजे. थ्रेड लाख वेळा २० मायक्रोसेकंदांत जागा झाला आणि एकदा त्याला ३ मिलिसेकंद लागले, तर सरासरी उत्तम दिसेल आणि रेकॉर्डिंग मात्र वाया जाईल. रिअल-टाइम कर्नल यंत्राला वेगवान करत नाही. तो फक्त सर्वांत वाईट प्रसंगी होणारा विलंब आटोक्यात ठेवतो, आणि तोही कर्नलच्या हातात असलेल्या कारणांपुरताच.

तूट कोणत्या जातीची आहे

आवाजातली प्रत्येक खरखर एक्सरन नसते. आकडा वाढत नाही आणि तरी आवाज तुटतो, असे असेल तर कर्नल सोडून दुसरीकडे पाहावे. काही सेकंद शांतता गेल्यावर आवाज सुरू होतानाच ‘टक्’ होत असेल, तर बहुधा संगणकातल्या अंगभूत साउंड कार्डाचा ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ ड्रायव्हर वीज वाचवण्यासाठी कार्डाला झोपवतो आहे. त्याच्या ‘पॉवर-सेव्ह’ या पॅरामीटरला शून्य दिले की तो आवाज जातो. दोन वेगवेगळे इंटरफेस एकाच वेळी वापरले आणि त्यांची घड्याळे एकमेकांशी जोडलेली नसली, तर दोघांची गती किंचित वेगळी पडून ठरावीक काळाने नमुने कमी-जास्त होतात. हे दुखणे कोणत्याही कर्नलने बरे होत नाही.

आकडा वाढत असेल, तर पुढचा प्रश्न असा की वेळ कामात संपला की वाट पाहण्यात. पाइपवायर वापरणाऱ्यांना याचे उत्तर ‘पीडब्ल्यू-टॉप’ या प्रोग्रामात जवळजवळ तयार मिळते. त्यात प्रत्येक प्रोग्रामासमोर ‘वेट’ आणि ‘बिझी’ असे दोन स्तंभ असतात: पहिला त्या प्रोग्रामाला काम तयार असल्यापासून प्रत्यक्ष सुरुवात होईपर्यंतचा काळ दाखवतो, दुसरा प्रत्यक्ष गणितात गेलेला. यंत्रणा चालवणाऱ्या कार्डाच्या ओळीत मात्र ‘वेट’चा अर्थ वेगळा, म्हणजे संपूर्ण फेरी पूर्ण व्हायला लागलेला वेळ असा असतो, हे विसरू नये. पिरिअडशी असलेले त्यांचे गुणोत्तरही शेजारीच दिसते. एखाद्या प्लगइनचे ‘बिझी’ गुणोत्तर एकच्या जवळ जाऊन टेकले असेल, तर तिथे यंत्राची ताकदच अपुरी पडते आहे आणि कर्नल बदलणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. याउलट ‘बिझी’ कमी असून ‘वेट’ मधूनच उसळत असेल, तर थ्रेडला वेळेवर प्रोसेसर मिळत नाही. पुढचे सगळे विवेचन याच अवस्थेसाठी आहे. चाचणीपुरता बफर पक्का १२८ वर अडकवून ठेवायचा असेल, तर ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’च्या साहाय्याने ‘क्लॉक.फोर्स-क्वांटम’ला ती संख्या द्यावी, नाहीतर दुसरा एखादा प्रोग्राम सुरू होताच बफर आपोआप बदलतो आणि निष्कर्ष चुकतो.

तुटण्याची वेळही नोंदवून ठेवावी. सतत खरखर, घड्याळ लावल्यासारखी ठरावीक अंतराने तूट आणि काहीतरी केल्यावर, म्हणजे खिडकी बदलताना किंवा पेनड्राइव्ह लावताना येणारी तूट, या तिन्हींची कारणे सहसा वेगळी निघतात.

परवानगी आहे का

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा आढळलेली चूक म्हणजे रिअल-टाइम कर्नल चढवलेला असतो, पण ऑडिओचे थ्रेड रिअल-टाइम अग्रक्रमाने चालतच नसतात. सामान्य वापरकर्त्याला ‘स्केड-फिफो’ या वर्गात थ्रेड चालवण्याची परवानगी मुळात नसते. ती ‘/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी’ या फोल्डरातल्या फाइलीतून द्यावी लागते: ‘ऑडिओ’ गटाला ‘आरटीप्रायो’ ९५ आणि ‘मेमलॉक’ अमर्याद, अशा दोन ओळी पुरतात, आणि आपले नाव त्या गटात घालावे लागते. त्यानंतर नुसते नवे टर्मिनल उघडून चालत नाही, पूर्ण लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते. ‘यूलिमिट’ला ‘-आर’ आणि ‘-एल’ हे पर्याय देऊन दोन्ही मर्यादा खरोखर बदलल्या का ते पाहावे.

मर्यादा बदलली म्हणून थ्रेड तिचा उपयोग करतोच असे नाही, त्यामुळे खात्री थ्रेडपाशीच करावी. ‘पीएस’ या आज्ञेला प्रत्येक थ्रेडचा वर्ग आणि अग्रक्रम दाखवायला सांगितले, की ऑडिओच्या थ्रेडपुढे ‘एफएफ’ किंवा ‘आरआर’ दिसले पाहिजे. ‘टीएस’ दिसले, तर तो थ्रेड ब्राउझरच्या रांगेत उभा आहे असे समजावे. काही वितरणांत (डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या तयार संचांत) हे काम ‘आरटीकिट’ नावाची सेवा परस्पर करते, पण ती देत असलेला अग्रक्रम मूळ मांडणीत २० पर्यंतच असतो, आणि पुढे इंटरप्टच्या थ्रेडांची गोष्ट येईल तेव्हा हा आकडा का अपुरा पडतो ते कळेल. मेमरी कुलूपबंद करण्याची परवानगीही तितकीच महत्त्वाची आहे, कारण ऑडिओ थ्रेडला हवे असलेले पान (माहितीचा तुकडा) मेमरीत नसले, तर ते डिस्कवरून येईपर्यंत कितीही मोठा अग्रक्रम उपयोगाचा नाही. स्वॅपचे आकडे बदलण्याचे जे सल्ले फिरत असतात, त्यांची गरज यानंतर फारशी उरत नाही.

वीज वाचवणारा प्रोसेसर

माझ्या यंत्रावरचे पहिले कारण इथे होते. ऑडिओचे काम प्रोसेसरच्या दृष्टीने विचित्र असते: दर पिरिअडला थोडा वेळ जोराचे काम आणि मग पूर्ण विश्रांती. सरासरी भार ३० टक्केच दिसतो, म्हणून प्रोसेसरची गती ठरवणारा गव्हर्नर असा अंदाज बांधतो की घाई नाही, आणि गती कमी ठेवतो. पण त्या थोड्या वेळात काम पूर्ण व्हायला हवी असते ती पूर्ण गती. ‘सीपीयू-पॉवर’ या साधनाने गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवला की हा प्रश्न मिटतो. माझ्या बाबतीत तो मिटूनही परत येत होता, कारण लॅपटॉपची वायर काढली की वीजव्यवस्थापनाची सेवा मी केलेला बदल गुपचूप पुसून टाकत असे आणि वायर पुन्हा लावल्यावर तो परत लागत नसे. ‘स्केलिंग-गव्हर्नर’ ही फाइल समस्या सुरू असतानाच वाचली नसती, तर हे कधीच कळले नसते. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर ‘इंटेल-पीस्टेट’ ड्रायव्हर असतो, तिथल्या ‘पॉवरसेव्ह’चा अर्थ जुन्या ड्रायव्हरमधल्यासारखा ‘सदैव सर्वांत कमी गती’ असा नसतो. तरीही कमी बफरच्या कामासाठी ‘परफॉर्मन्स’च निवडावा.

दुसरी बाब प्रोसेसरच्या झोपेची. रिकामा प्रोसेसर ‘सी-स्टेट’ नावाच्या झोपेच्या पायऱ्या उतरत जातो आणि जितकी खोल झोप, तितका जागे व्हायला वेळ जास्त. प्रत्येक पायरीला किती मायक्रोसेकंद लागतात ते ‘सिस’ फोल्डरात प्रत्येक प्रोसेसरच्या ‘सीपीयू-आयडल’ विभागात लिहिलेले असते. हा काळ एकटा मुदत चुकवण्याइतका नसतो, पण ६४ फ्रेमच्या १.३३ मिलिसेकंदांतून तो दर वेळी वजा होतो. बूट पॅरामीटरने खोल झोप कायमची बंद करणे मला पटत नाही, कारण लॅपटॉप दिवसभर तापत राहतो. ‘/डेव्ह/सीपीयू-डीएमए-लेटन्सी’ ही फाइल उघडून तिच्यात शून्य लिहावे आणि ती उघडीच ठेवावी. जोवर ती उघडी आहे तोवरच प्रोसेसर जागा राहतो आणि काम संपून फाइल बंद झाली की पूर्ववत झोपू लागतो. नुसते ‘इको’ करून लिहिले तर फाइल तत्क्षणी बंद होते आणि काहीच साधत नाही, हे न कळल्यामुळे अनेकांनी हा उपाय निरुपयोगी ठरवलेला आहे.

इंटरप्ट कोणाचे आणि किती

‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ ही फाइल थोड्या थोड्या अंतराने वाचत राहिली, की कोणत्या ओळीतले आकडे वेगाने धावतात ते दिसते. यूएसबी इंटरफेस असेल तर महत्त्वाची ओळ ‘एक्सएचसीआय-एचसीडी’ची असते, कारण इंटरप्ट इंटरफेसचा नसून यूएसबी कंट्रोलरचा असतो. म्हणजेच त्याच कंट्रोलरवर बसलेला वेबकॅम, बाहेरची डिस्क आणि ऑडिओ इंटरफेस हे तिघे एकाच दारातून आत येतात. ‘एलएसयूएसबी’ला ‘-टी’ जोडून झाड पाहावे. बाहेरून वेगवेगळी दिसणारी छिद्रे आतून एकाच कंट्रोलरला जोडलेली असतात, हे पुष्कळदा तिथेच कळते. माझे दुसरे कारण हेच होते: ज्या डिस्कवर रेकॉर्डिंग साठवले जात होते ती इंटरफेसच्या शेजारच्याच छिद्रात होती. डिस्क दुसऱ्या कंट्रोलरवर हलवल्यावर ते एक्सरन थांबले, आणि त्यासाठी एकही सेटिंग बदलावे लागले नाही. इंटरफेसच्या ‘पॉवर/कंट्रोल’ फाइलीत ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ आहे ना, तेही पाहून घ्यावे.

ठरावीक अंतराने येणाऱ्या तुटीसाठी सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे ‘आरएफकिल’ने वायफाय अर्धा तास बंद ठेवणे. तेवढ्याने तूट थांबली तर दोषी सापडला.

याच टप्प्यावर आणखी एक चाचणी करावी, कारण तिचा निकाल प्रतिकूल आला तर पुढचा सगळा खटाटोप व्यर्थ ठरतो. मदरबोर्डचे फर्मवेअर कधी कधी प्रोसेसर परस्पर आपल्या ताब्यात घेते. पंखा, तापमान किंवा जुन्या पद्धतीचे यूएसबी कीबोर्ड सांभाळण्यासाठी असे व्यत्यय येतात आणि त्यांना एसएमआय म्हणतात. त्या काळात कर्नल चालतच नसतो, त्यामुळे कोणताही कर्नल त्यांना रोखू शकत नाही. ‘आरटी-टेस्ट्स’ या संचातले ‘एचडब्ल्यू-लॅट-डिटेक्ट’ हे साधन असे हरवलेले क्षण शोधते. त्याने शेकडो मायक्रोसेकंदांचे खड्डे दाखवले, तर बायॉसमधले जुन्या यूएसबीचे समर्थन बंद करून पाहावे, फर्मवेअरचे अपडेट पाहावे, आणि तरीही फरक पडला नाही तर त्या यंत्रावर मोठा बफर स्वीकारावा.

आता कर्नल

कर्नल स्वतःचे काम करत असताना त्याला मध्येच थांबवून अधिक निकडीच्या थ्रेडला प्रोसेसर देता येतो का, हा इथला मूळ प्रश्न आहे. ‘प्रीएम्प्ट-नन’ या प्रकारच्या कर्नलमध्ये जवळजवळ येत नाही, ‘व्हॉलंटरी’मध्ये ठरवून ठेवलेल्या जागी येतो, ‘फुल’मध्ये स्पिनलॉक (वाट पाहणाऱ्याला न झोपवता जागीच फिरत ठेवणारे कुलूप) धरलेले असतानाचे आणि इंटरप्ट बंद असतानाचे असे काही टापू सोडून बहुतेक सर्वत्र येतो. ‘प्रीएम्प्ट-आरटी’ त्यापुढे जाऊन बहुतेक स्पिनलॉकांचे रूपांतर झोपू शकणाऱ्या कुलपांत करतो, कुलूप धरून बसलेल्या कमी अग्रक्रमाच्या थ्रेडला तात्पुरता वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम देतो आणि इंटरप्टची कामे थ्रेडांकडे सोपवतो. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि इतरांनी वर्षानुवर्षे वेगळ्या पॅचच्या रूपात सांभाळलेले हे काम टप्प्याटप्प्याने मुख्य कर्नलमध्ये येत गेले आणि १७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ६.१२ या आवृत्तीपासून एक्स८६, एआरएम६४ आणि रिस्क-व्ही या रचनांसाठी बाहेरचा पॅच न लावता तो पर्याय निवडता येऊ लागला. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतला ‘आधी जुळणारा पॅच शोधा’ हा भाग आता बव्हंशी कालबाह्य आहे.

मात्र त्याहीआधी एक सोपा मार्ग आहे. ५.१२ या आवृत्तीपासून ‘प्रीएम्प्ट-डायनॅमिक’ ही सोय आली आणि अनेक वितरणांचे साधे कर्नल ती चालू ठेवूनच बांधलेले असतात. ‘यूनेम’ला ‘-व्ही’ देऊन ते शब्द दिसले, तर काहीही न बांधता, संगणक सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या ग्रबच्या मांडणीतल्या कर्नलच्या ओळीत ‘प्रीएम्प्ट=फुल’ आणि ‘थ्रेडआयआरक्यूज’ हे दोन शब्द जोडावेत, ग्रब ताजा करावा आणि पुन्हा बूट करावे. ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’मध्ये ते शब्द दिसतात का, हे पाहायला विसरू नये. ४८,००० हर्ट्झला १२८ फ्रेम, एक इंटरफेस आणि बेताची साखळी एवढ्या कामाला हे पुरेसे आहे, असे माझे ठाम मत आहे. ३२ किंवा ६४ फ्रेमवर प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवायचे असेल, किंवा त्याच यंत्रावर दुसरी जड कामे चालणार असतील, तरच ‘आरटी’कडे वळावे, कारण त्यात यंत्राची एकूण कार्यक्षमता काही प्रमाणात घटते, आणि ती घट सर्वच कामांना भोवते. डेबियनसारख्या वितरणात तर ‘आरटी’ कर्नलचे तयार पॅकेजही मिळते, म्हणजे तेव्हाही बांधणी टळू शकते.

स्वतःच बांधायचा झाला तर सुरुवात चालू कर्नलच्या ‘/बूट’मधल्या मांडणीफाइलीपासून करावी आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवावे. त्यानंतर मेनूमध्ये ‘फुली प्रीएम्प्टिबल कर्नल’ हा पर्याय शोधताना पुष्कळ जण गोंधळतात, कारण तो ‘एक्स्पर्ट’ हा पर्याय चालू केल्याशिवाय दिसतच नाही. बांधणीचा वेळ वाचवण्यासाठी ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरता येते. ते त्या क्षणी वापरात असलेलीच मॉड्यूले ठेवते, म्हणून त्या वेळी सगळी उपकरणे जोडलेली असणे आवश्यक आहे. मी मिडी कीबोर्ड कपाटात ठेवून हे केले होते, आणि नव्या कर्नलने त्याला ओळखले नाही तेव्हा दोष केबलचा समजून संध्याकाळ घालवली.

मांडणीत बदलण्यासारख्या गोष्टी फार नाहीत. उच्च अचूकतेचे टायमर चालू हवेत, आणि ते बहुधा असतातच. टिकची (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्याची) वारंवारता १००० ठेवण्याचा सल्ला सर्वत्र दिलेला असतो. ती ठेवायला हरकत नाही, पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये, कारण पिरिअडचा इंटरप्ट कार्डाच्या स्वतःच्या घड्याळावरून येतो आणि मिडीसाठीही उच्च अचूकतेचा टायमर वापरता येतो. खरा फरक पडतो तो डीबगिंगच्या पर्यायांनी: कुलपांची शुद्धता तपासणारा ‘प्रूव्ह-लॉकिंग’ आणि त्याचे भाईबंद चालू राहिले, तर ‘आरटी’ कर्नल साध्या कर्नलपेक्षा वाईट वागतो. कर्नलमधल्या घडामोडी नोंदवणारा ‘एफट्रेस’ मात्र ठेवावा, दोषी शोधताना तोच कामाला येतो. डेबियन किंवा उबुंटूची मांडणी उचलली असेल, तर ‘सिस्टिम-ट्रस्टेड-कीज’ हा पर्याय रिकामा करावा, नाहीतर प्रमाणपत्राची फाइल सापडत नाही म्हणून बांधणी अर्ध्यावर थांबते. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर स्वतः बांधलेला कर्नल सही केल्याशिवाय बूट होणार नाही. एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर ‘आरटी’ कर्नल दिसताच बांधणी नाकारतो. ती तपासणी डावलण्याचा एक पर्याय त्यात आहे, परंतु त्यानंतर उद्भवणाऱ्या विलंबाची जबाबदारी आपली असते. जुना कर्नल बूटच्या यादीतून काढू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

सुरक्षेचे उपाय बंद करणारा ‘मिटिगेशन्स=ऑफ’ आणि प्रोसेसर राखून ठेवणारा ‘आयसोलसीपीयूज’ हे दोन शब्द अनेक याद्यांत डोळे मिटून उतरवलेले दिसतात. पहिल्याने यंत्र असुरक्षित होते आणि दुर्मीळ, मोठे विलंब तसेच राहतात. दुसऱ्याने, थ्रेड हाताने योग्य प्रोसेसरवर बसवले नाहीत, तर ऑडिओला मिळणारे प्रोसेसरच कमी होतात. मी दोन्ही वापरत नाही.

अग्रक्रमांची उतरंड

‘थ्रेडआयआरक्यूज’ किंवा ‘आरटी’ यांपैकी काहीही चालू झाले, की प्रत्येक इंटरप्टचा स्वतंत्र थ्रेड तयार होतो आणि त्या सर्वांना सरसकट ५० हा अग्रक्रम मिळतो. म्हणजे साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड आणि डिस्क एकाच पंगतीत बसतात, आणि २० अग्रक्रमावर चालणारा ऑडिओ थ्रेड त्या सर्वांच्या खाली. कर्नल बदलूनही फरक न जाणवण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे, आणि माझे तिसरे कारणही हेच होते. इंटरफेस ज्या कंट्रोलरवर आहे त्याच्या ‘एक्सएचसीआय’ थ्रेडला ‘सीएचआरटी’ या आज्ञेने ९० द्यावा, जॅकच्या सर्व्हरला ७० ते ८० च्या दरम्यान ठेवावे आणि बाकीच्यांना ५० वर राहू द्यावे. ९९ कोणालाही देऊ नये, कारण त्या पातळीवर कर्नलची स्वतःची अत्यावश्यक कामे चालतात. रुई नुनो कापेला यांची ‘आरटीआयआरक्यू’ ही स्क्रिप्ट हीच उतरंड बूट होताना लावून देते. पाइपवायर सामान्य प्रोफाइलमध्ये कार्डाच्या इंटरप्टवर नव्हे तर टायमरवर चालते, म्हणून तिथे या बदलाचा परिणाम कमी दिसतो. नव्या आवृत्त्यांतली ‘प्रो ऑडिओ’ प्रोफाइल इंटरप्टवर चालते, ती निवडून मगच तुलना करावी.

खात्री करण्यासाठी थ्रेड जागा व्हायला होणारा विलंब मोजणारी ‘सायक्लिकटेस्ट’ ८० अग्रक्रमावर, सर्व प्रोसेसरांवर, किमान तासभर चालवावी आणि त्याच वेळी यंत्राला काम द्यावे: एखादा मोठा प्रोग्राम कंपाइल करावा, डिस्कवर फाइली हलवाव्यात, व्हिडिओ चालू ठेवावा. मोकळ्या यंत्रावर आलेला आकडा दिशाभूल करतो. निकालात फक्त कमाल विलंबाचा स्तंभ पाहावा; तो पिरिअडच्या तुलनेत नगण्य असेल, तर कर्नलचे काम संपले असे समजून तिथेच थांबावे. तो मोठा असेल, तर ५.१४ पासून कर्नलमध्ये असलेला ‘टायमरलॅट’ हा ट्रेसर आणि त्यासोबतचे ‘आरटीएलए’ हे साधन कोणत्या कामाने वाट अडवली ते नावानिशी सांगते.

समस्या परत येते ती का

एकदा बरे झालेले यंत्र पुन्हा बिघडते तेव्हा सहसा नवे काही घडलेले नसते, लावलेला एखादा बदल निघून गेलेला असतो. अपडेटनंतर वितरणाचा नवा कर्नल ग्रबच्या यादीत वर बसतो आणि आपण बांधलेला खाली जातो. ‘ग्रब-डिफॉल्ट’ला ‘सेव्ह्ड’ करून हवा तो कर्नल पक्का केला नसेल, तर आपण कोणत्या कर्नलवर आहोत हे कळतही नाही. यंत्र झोपून उठल्यावर काही वेळा यूएसबी कंट्रोलरचा इंटरप्ट नव्याने नोंदवला जातो, त्याचा नवा थ्रेड जन्मतो आणि तो पुन्हा ५० वर असतो. ‘आरटीआयआरक्यू’ मात्र बूटच्या वेळी एकदाच चाललेली असते. त्यासाठी तिला झोपेतून उठतानाही चालवणारी छोटीशी सिस्टिमडी सेवा लिहून ठेवावी. गव्हर्नरची कहाणी वर आलीच आहे.

म्हणून मी आता एक स्क्रिप्ट ठेवली आहे. रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी ती कर्नलची आवृत्ती, बूटची ओळ, प्रत्येक प्रोसेसरचा गव्हर्नर, दोन्ही मर्यादा, ‘एक्सएचसीआय’ आणि ऑडिओ थ्रेडांचे अग्रक्रम आणि यूएसबीचे झाड एवढे सगळे तारखेच्या नावाने एका फाइलीत लिहून ठेवते. एक्सरन आला की त्या दिवशीची फाइल आणि सुरळीत गेलेल्या शेवटच्या दिवसाची फाइल ‘डिफ’मध्ये शेजारी ठेवायची. बहुतेक वेळा फरक एकाच ओळीत सापडतो. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या, तर मी आधी यूएसबीची केबल बदलून पाहतो.